ज्ञानेश्वर 'कुलकर्णी' कसे? आडनावाच्या यादीवरून वाद

बखरवेडा: 'कुलकर्णी आडनावाच्या थोर व्यक्ती' अशा याद्या सगळीकडे फिरतात. सुरुवात ज्ञानेश्वर आणि समर्थ रामदासांपासून, शेवट सोनाली कुलकर्णीवर. माझं म्हणणं, पहिली दोन नावं काढा. विठ्ठलपंतांचं घराणं आपेगावचं कुलकर्णी, म्हणजे गावचं दप्तर त्यांच्याकडे. जांबचे रामदास तर ठोसर. हुद्दा आणि आडनाव एकच धरायचं, तर उद्या प्रत्येक ग्रामसेवकाचं आडनाव ग्रामसेवक!

गावकूस: उदाहरण चुकलं. ग्रामसेवकाची बदली होते. कुलकर्ण बापाकडून मुलांकडे जायचं, भावांत त्याच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडायच्या. ज्याच्या वाट्याला दप्तर आलं नाही तोही कुलकर्णीच म्हणवायचा. आडनाव तयार होतं ते असंच. शाहू महाराजांनी 1918 साली कोल्हापूर संस्थानातली कुलकर्णी वतनं खालसा करून पगारी तलाठी नेमले, मुंबई राज्यात 1950 च्या कायद्याने ती गेली. वतन गेलं, नाव राहिलं. हुद्दा नेमका कुठे संपला, सांगा.

बखरवेडा: तारीख सांगता येणार नाही, कसोटी सांगतो. मोडी कागदात 'कुलकर्णी मौजे अमुक' असं असेल तर हुद्दा. परगावी राहणाऱ्याच्या नावापुढे, गाव न जोडता तोच शब्द आला तर आडनाव धरायला हरकत नाही. घोळ लिप्यंतरात होतो. 'मौजे' आणि गावाचं नाव गाळलं की उरलेला 'कुलकर्णी' हुबेहूब आडनाव दिसतो. शिवकाळात बहुतेक वेळा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एवढ्यावर भागायचं. मोरो त्रिंबक, कृष्णाजी भास्कर. त्यांना आजचं आडनाव चिकटवणं हे आपलं काम, त्यांचं नव्हे.

सोयरीक: मुळात यादीच कशाला? गावोगाव कुलकर्णी होते, त्यामुळे मुळं असंख्य. देशस्थांत आहेत, कऱ्हाड्यांत आहेत, सारस्वतांतही. लग्न जमवताना दोन्हीकडे कुलकर्णी म्हणून कोणी अडत नाही, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव विचारतात. गंमत बघा: 1982 मध्ये पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या (अतिवेगाने फिरणाऱ्या ताऱ्याच्या) शोधात असलेले, कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यादीत, त्यांची सख्खी बहीण सुधा मूर्ती बाहेर. उलट गो. नी. दांडेकरांची नात मृणाल, माहेरची देव, ती लग्नामुळे आत.

गावकूस: नाती लावायला वंशावळ असते. यादी माणूस सापडायला. सोनाली कुलकर्णी दोन, दोघी अभिनेत्री, म्हणजे क्षेत्र लिहून उपयोग नाही. जन्मसाल लिहा: 1974 आणि 1988. किंवा 'दोघी'तली थोरली, 'नटरंग'मधली धाकटी. (थोरलीच्या चित्रपटाचं नाव 'दोघी' असावं, हा योगायोग भारीच!) जी. ए. कुलकर्णींना 'ग'मध्ये 'गुरुनाथ आबाजी' म्हणून टाकलंत तर कोणाला सापडणार नाहीत. नोंद 'जी. ए.' अशीच हवी, पूर्ण नाव आत.

तिसरी_स्लिप: सापडतात, पण अर्धे. नीलेश कुलकर्णी: '1997, कोलंबो, कसोटी कारकिर्दीच्या पहिल्याच चेंडूवर अटापट्टू बाद, असा पहिला भारतीय.' इथेच नोंद संपते. त्याच डावात श्रीलंकेने 6 बाद 952 केल्या, आणि यांच्या नावावर 195 धावांत तो एकच बळी. दुसरा आकडा गाळला की तो दिवस फार गोड वाटतो.

बखरवेडा: सापडण्यासाठीच यादी असेल तर माझी तडजोड: कुलकर्णीखाली 'रामदास: ठोसर पाहा', आणि ठोसरखाली 'घराण्याकडे जांबचं कुलकर्ण'.

गावकूस: रामदासांचं भागलं. ज्ञानेश्वरांना कुठलं 'पाहा' लावणार? त्यांना दुसरं आडनाव आहेच कुठे?