कॅम्परला बाहेरची वीज लागतेच का? मला विचाराल तर नाही

घाटवाट:
मागच्या आठवड्यात आमच्या फिरस्त्यांच्या ग्रुपवर कॅम्परच्या, म्हणजे मुक्काम करता येईल अशा गाडीच्या, विजेबद्दल एकांनी लिहिलं, "छतावर सोलर टाका, विषय संपला." लगेच दुसऱ्यांनी उत्तर दिलं, "सोलरबिलर सोडा, ढाब्यावर केबल लावा." मला दोन्ही पटत नाही, म्हणून हा धागा.

आमची टेम्पो ट्रॅव्हलर दोन वर्षं पन्हाळा, राधानगरी, आंबोली अशी फिरते आहे. सोबत आई असते आणि तिचं इन्सुलिन असतं. त्यामुळे फ्रिज बंद पडून चालतच नाही. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आमचा रोजचा खर्च असा. 12 व्होल्टचा छोटा फ्रिज सुरू असताना 50 वॅट ओढतो, पण निम्मा वेळच चालतो, म्हणजे दिवसरात्र मिळून 600 वॅट-तास. 25 वॅटचा पंखा रात्रभर, म्हणजे सव्वादोनशे. दिवे, मोबाईल, लॅपटॉप धरून एकूण साधारण एक युनिट, म्हणजे 1000 वॅट-तास. 200 अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत अडीच युनिट बसतं. दोन दिवस निवांत जातात.

आता ती भरायची कशी? माझ्या मते आपल्या भागात पहिला मार्ग इंजिन, सोलर दुसरा. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र) आणि फ्रिज-पंख्याच्या बॅटरीच्या मधे 30 अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (बॅटरीला योग्य व्होल्टेज करून देणारा) बसवला की चालत्या गाडीत तासाला 400 वॅट-तास जमा होतात. कोल्हापूर ते गगनबावडा 55 किलोमीटर, दीड तास. म्हणजे पोचेपर्यंत फ्रिजचा दिवसभराचा खर्च निघाला. छतावर 400 वॅटची पॅनेलं आहेत. फेब्रुवारीत ती दिवसाला दीड युनिट देतात. जुलैत गगनबावड्याच्या धुक्यात दिवसभरात पाव युनिट मिळालं. ज्यांनी फक्त पॅनेलवर भिस्त ठेवली, त्यांनी पावसात काय करायचं?

मंगळवारपेठी:
ताई, लिथियमचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. घरात इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासाची ट्यूब्युलर, म्हणजे ॲसिडवाली, बॅटरी असतेच, तीच गाडीत ठेवली तर काय बिघडलं? माझ्या मेव्हण्याने तसंच केलंय. दुरुस्ती गल्लीत होते, डिस्टिल्ड वॉटर कुठंही मिळतं. लिथियम घाटात बंद पडली तर कोण बघणार?

घाटवाट:
दादा, आमचीही सुरुवात ट्यूब्युलरवरच झाली होती, म्हणून कळकळीनं सांगते. करूळ घाटाच्या वळणांवर बॅटरी कलली आणि ॲसिड सांडलं. पलंगाखालचा प्लाय काळा पडून पापुद्रे सुटले, आईची शाल विरली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन, पेट घेणारा वायू, निघतो, आणि आपण खिडक्या लावून तिच्याच वर झोपतो. वजन पन्नास-साठ किलो. शिवाय 150 मधलं निम्मंच वापरायचं, त्याखाली रोज उतरवली तर बॅटरी लवकर जाते. म्हणजे हातात 900 वॅट-तास. आमचा एक दिवसही निघत नाही त्यात. घरासाठी ती चांगलीच आहे, गाडीच्या केबिनमध्ये नको.

उद्यमनगरी:
मी गाड्यांचं वायरिंग करतो. ताईंचं इंजिनवालं म्हणणं बरोबर हाय, पण अर्धंच सांगितलंय. लोक काय करतात, जुन्या पद्धतीनं दोन बॅटऱ्यांच्या मधे नुसता रिले, म्हंजे आपोआप जोडणारा स्विच, टाकतात. आताच्या बीएस-6 गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज कॉम्प्युटर कमीजास्त करतो. रिलेवर बॅटरी कधी पूर्ण भरतच न्हाई, आन मालक म्हणतो बॅटरी खराब निघाली. डीसी-टू-डीसी चार्जरच पायजे.

दुसरं, 1000 वॅटचा इन्व्हर्टर 12 व्होल्टवर 90 अँपिअरच्या वर ओढतो. घरातली अडीच एमएमची वायर त्याला लावलेली मी बघितलीय. हात लावला तर चटका बसला, इन्शुलेशन मऊ झालं होतं. एवढ्या लोडला कमीत कमी 25 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल लागती, ती बी जेवढी आखूड तेवढी बरी. आन फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. इन्व्हर्टरजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत न्हाई. भावांनो, पैसे वाचवायचे तर पडदे साधे घ्या, पण ह्यात न्हाई.

रंकाळाकाठ:
माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही रोज हलता म्हणून इंजिन पुरतं. आम्ही दोघं निवृत्त आहोत, एका जागी चार-चार दिवस राहतो. तिथं बॅटरी भरायला उभं इंजिन चालू ठेवायचं का? तासाला लिटरच्या आसपास डिझेल जाईल, धूर वेगळा. त्यापेक्षा ढाब्यावर किंवा होमस्टेवर पैसे देऊन केबल लावणं सरळ आहे. राज्याच्या 2021 च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणातही वाहनतळावर विजेची सोय धरली आहेच. ती सोय मागायची सोडून आपण प्रत्येकानं गाडीत वीजघर का उभं करायचं?

घाटवाट:
काका, सोय मागायलाच हवी, त्यात वाद नाही. पण आज जे सॉकेट मिळतं त्याचा अनुभव ऐका. एका ढाब्यावर केबल लावली आणि आईनं ओल्या पायानं दाराच्या लोखंडी पायरीला हात लावला. झिणझिण्या आल्या. त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. नशीब, चप्पल पायात होती. तेव्हापासून आमची केबल घरीच असते.

उद्यमनगरी:
केबल लावायचीच असंल तर गाडीत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हंजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा, आन लावायच्या आधी सॉकेट टेस्टर घालून अर्थिंग बघा. अर्थिंग नसंल तर केबल काढायची. ढाबेवाल्याशी भांडू नका, त्यालाच ठाऊक नसतंय.

मंगळवारपेठी:
मग छोटा पेट्रोल जनरेटर का नको? लग्नातल्यासारखा मोठा नव्हे, एक केव्हीएचा.

घाटवाट:
राधानगरी अभयारण्याच्या कडेला रात्री जनरेटर? दाजीपूरचं जंगल गव्यांचं आहे, आपण तिथं शांततेसाठीच जातो. आणि पावसात लोक तो दाराशी आडोशाला ठेवतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. ह्या बाबतीत मी अजिबात ऐकणार नाही.

रंकाळाकाठ:
जनरेटर नको, हे मान्य. पण माझ्या चार दिवसांचं उत्तर अजून मिळालं नाही. जुलै, गगनबावडा, गाडी उभी. अडीच युनिट तिसऱ्या दिवशी दुपारी संपणार.

घाटवाट:
संपतील, खरं आहे. आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढतो, कोल्हापूरच्या वाटेवरच्या कळे गावापर्यंत जातो, भाजी-दूध घेतो आणि परत. जाऊन-येऊन दोनेक तास, पाऊण युनिट जमा. उभं इंजिन तापवण्यापेक्षा तेच डिझेल रस्त्यावर जाळलेलं बरं. स्वयंपाक पाच किलोच्या गॅसवर, इंडक्शन आणि मिक्सर घरी. काकूंना चटणी लागत असेल तर वाटूनच घेऊन या.

रंकाळाकाठ:
पावसात एवढा रस्ता जाऊन परत यायचं, ते ह्या वयात मला नको वाटतं. मी आणखी एक 100 ची लिथियम घेईन, सव्वा युनिट वाढेल, आणि आरसीसीबी लावून केबलही ठेवीन. उद्यमनगरी, दोन बॅटऱ्या जोडायच्या तर एकाच वेळी घ्याव्या लागतात का?

उद्यमनगरी:
एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या असतील तर उत्तम. जुनी-नवी जोडायचीच असंल तर दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा, दोन्हींचा व्होल्टेज सारखा आला की मगच जोडा. गाडी घेऊन या काका, मीटर लावून दाखवतो.