हायक्यू!! : हिनाता आणि कागेयामाची स्पर्धा खरंच रंगली, की फुरुदातेंनी ती गुंडाळली?

रिकामं_कोर्ट (धागाकर्ता)

स्पॉयलर आहेत, अगदी शेवटच्या पानापर्यंतचे. फक्त अ‍ॅनिमे पाहिलेल्यांनी इथूनच परत फिरावं.

हारुइची फुरुदाते यांची व्हॉलीबॉलवरची मंगा (जपानी चित्रकथा) हायक्यू!! फेब्रुवारी २०१२ ते जुलै २०२० अशी 'शोनेन जम्प' साप्ताहिकात चालली. ४०२ प्रकरणं, ४५ खंड. पहिल्याच प्रकरणात पैज लागते. शाळेच्या स्पर्धेत कागेयामाच्या संघाकडून सरळ दोन सेटमध्ये मार खाल्लेला हिनाता डोळ्यांत पाणी आणून त्याला सुनावतो, की तू कोर्टाचा राजा असशील तर तुला हरवून कोर्टावर सगळ्यात जास्त वेळ मी टिकेन. आणि पुढे? कारासुनो हायस्कूलमध्ये दोघं एकाच संघात येऊन पडतात. हिशोब चुकता व्हायला कथेतला नोव्हेंबर २०१८ उजाडतो आणि आपण तोवर पावणेचारशे प्रकरणं वाचलेली असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या स्पर्धेला धावफलक नाही ती स्पर्धा नव्हे. मधल्या काळात जे आहे ते म्हणजे जिमच्या दारापर्यंत धावत जाणं आणि कोण आधी पोचलं यावर भांडणं. त्याला विनोद म्हणा. आणि खरा बदल कुठे झाला? ब्राझीलमध्ये. दोन वर्षं रिओत बीच व्हॉलीबॉल खेळून, सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवून हिनाता वेगळाच खेळाडू होऊन येतो, आणि ती दोन वर्षं आपल्याला मोजक्या प्रकरणांत उरकून दाखवली जातात. कागेयामाचं तर त्याहून वाईट. त्याचे आजोबा, ज्यांच्यामुळे हा मुलगा व्हॉलीबॉलला चिकटला, ते आपल्याला नीट भेटतात शेवटच्या मोठ्या सामन्याच्या मधोमध. मुख्य जोडीतल्या एकाचं बालपण ३८० प्रकरणं दडवून ठेवायचं, याला मांडणी म्हणायची की विसरलेलं आठवणं?

बॅकरो

तीव्र असहमत. धावफलक होता, तो गुणांचा नव्हता इतकंच.

हिनाता हायस्कूलमध्ये मिडल ब्लॉकर (जाळीच्या मधोमध ब्लॉक करणारा) आहे हे आधी लक्षात घ्या. उंची १६३ सेंमीच्या आसपास, उडी मारल्यावर हात ३३३ सेंमीपर्यंत. मिडल ब्लॉकर मागच्या रांगेत गेला की लिबेरो (फक्त मागे बचाव करणारा खेळाडू) त्याच्या जागी येतो, म्हणजे निशिनोया आत आणि हिनाता बाहेर. स्वतःची सर्व्हिस सोडली तर मागच्या रांगेत उभं राहण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. त्यामुळे त्याचं रिसीव्ह (समोरून आलेला बॉल उचलणं) कच्चं राहतं आणि कच्चं असूनही खपून जातं. तो फक्त उडी मारतो. बॉल त्याच्या तळव्यापर्यंत आणून देण्याचं काम कागेयामाचं. सुरुवातीच्या क्विकमध्ये (बॉल झटकन उचलून दिला की लगेच मारायच्या फटक्यात) तर हा डोळे मिटून हात फिरवतो! म्हणजे अर्धा खेळाडू. हे लेखकाला पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि पुढची सगळी भांडणं याच एका गोष्टीवरून आहेत.

आओबा जोसाई या प्रतिस्पर्धी शाळेविरुद्धचा पहिला अधिकृत सामना आठवा. तिसऱ्या सेटमध्ये निर्णायक क्षणी कागेयामा बॉल हिनातालाच देणार हे त्यांचा सेटर (मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा) ओइकावा याने ओळखलं, तीन ब्लॉकर उभे राहिले आणि बॉल परत कारासुनोच्या अंगणात पडला. मिटलेल्या डोळ्यांना ब्लॉक दिसत नाही. म्हणून टोकियोच्या शिबिराच्या काळात हिनाता म्हणतो की आता मी बघून मारणार. कागेयामाचा साफ नकार. दोघांची हाणामारी होते, संघाची मॅनेजर हितोका याची घाबरून सहकारी तानाकाला बोलावून आणते आणि तानाका दोघांनाही ठोसे देऊन वेगळं करतो. ही स्पर्धा नाही तर काय आहे? एकाला वाढायचं आहे आणि दुसऱ्याला जे चालतंय ते मोडायचं नाही.

लिबेरोभक्त

+१. आणि निशिनोयावर वेगळा धागा काढा कोणीतरी. इथे त्याला फक्त 'आत-बाहेर' मध्ये आटोपलंत.

रिकामं_कोर्ट

@बॅकरो, हाणामारी मान्य. पण हा दोन सहकाऱ्यांमधला मतभेद झाला. हिनाता जिंकला की हरला ते सांगा. सांगता येत नाही, कारण शेवटी दोघं मिळून नवा क्विक बसवतात आणि संघाचा फायदा होतो. 'आपण दोघंही जिंकलो' असा निकाल लागत असेल तर प्रतिस्पर्धी हा शब्द कशाला वापरायचा?

बॅकरो

नवा क्विक कसा बसतो ते जरा जवळून बघू, म्हणजे कोण कोणाला काय करायला लावतं ते दिसेल.

जुना टॉस, म्हणजे मारण्यासाठी उचलून दिलेला बॉल, सरळ रेषेत, सुसाट. बॉल मारण्याच्या जागेतून तसाच पुढे निघून जायचा. हिनाताचा हात क्षणभर मागेपुढे झाला तर बॉल हुकला. नव्या टॉसमध्ये बॉलने नेमक्या मारण्याच्या बिंदूवर वेग गमवायला हवा, तिथे थबकून मग खाली पडायला हवं. त्यासाठी बोटांनी उलटी फिरकी द्यायची आणि तरीही क्विकचा वेग हातातून जाऊ द्यायचा नाही. फिरकी जास्त झाली की बॉल अलीकडेच पडतो, कमी झाली की जुन्यासारखाच निसटतो. हिनाताला हवेत ते निमिषभर मिळालं तरच तो ब्लॉक बघून दिशा ठरवू शकतो. कागेयामा दिवसेंदिवस हे घोटतो, सरावात जमवतोसुद्धा.

आता फुकुरोदानी शाळेविरुद्धचा शिबिरातला शेवटचा सामना काढा. कागेयामा टॉस देतो, आणि हिनाता खाली आल्या आल्या त्याला म्हणतो की आत्ता तू हात राखून खेळलास. कागेयामा आतून हादरतो, कारण ते खरं असतं. सामन्यात चूक नको म्हणून त्याच्या हाताने नकळत सोपा, सुरक्षित टॉस दिला. ज्याला सगळे कोर्टाचा जुलमी राजा म्हणत आले, त्याला 'तू कमी दिलंस' असं म्हणणारा पहिला माणूस म्हणजे हा. आधीच्या शाळेतले मुलगे तर त्याच्या टॉससाठी उडी मारायचीच सोडून मोकळे झाले होते, बॉल रिकाम्या जागेत पडला होता. ही दोन दृश्यं शेजारी ठेवा. एकाच संघात असल्यामुळेच हे शक्य झालं. जाळीपलीकडच्या खेळाडूला तू हात राखलास हे कळणारही नाही.

तिसरा_टेम्पो

दोघांचंही चुकतंय असं मला वाटतं. कागेयामाचा प्रतिस्पर्धी हिनाता नाहीच, ओइकावा आहे, आणि या मालिकेतलं सर्वात सरस व्यक्तिचित्रणही त्याचंच.

ओइकावा, कागेयामा दोघं सेटर, एकाच मधल्या शाळेतले, दोन वर्षांच्या अंतराने. लहान कागेयामा सर्व्हिस शिकवा म्हणून मागे लागतो आणि एके दिवशी ओइकावाचा हात त्याच्यावर उठता उठता इवाइझुमी अडवतो. वर उशिजिमासारखा डावखुरा राक्षस, खाली हा उपजत प्रतिभेचा पोरगा, मध्ये हा मेहनती माणूस चेपला जातोय. हायस्कूलमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचं तोंडही न बघता तो संपतो. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत तो तिथेच बाजूला पडला असता. इथे तो अर्जेंटिनाला जातो, तिकडचा नागरिक होतो आणि २०२१ च्या ऑलिंपिकमध्ये जपानविरुद्ध सेटर म्हणून उभा राहतो. समोर कागेयामा, हिनाता, उशिजिमा सगळे एका बाजूला. धावफलक हवा होता ना? हा घ्या.

शिवाय रिओच्या वाळूत हिनाताला अचानक भेटतो तोही ओइकावाच. तिथे ती जुनी खुन्नस नाही, दोघं एका बाजूने खेळतात आणि वाळूत धडपडतात. मला तर वाटतं लेखकाला सर्वात जास्त माया याच माणसावर होती, नायकांचं काय ते नंतर.

रिकामं_कोर्ट

@तिसरा_टेम्पो, ओइकावाबद्दल दुमत नाही. पण तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. जाळीच्या दोन बाजू असल्या की व्यक्तिरेखा कशी घडते ते ओइकावाने दाखवलं. नायकांच्या वाट्याला ते एकदाच आलं.

आणि ब्राझीलचं अजून कोणी बोललं नाही.

सर्व्हिस_एस

ब्राझीलचं मी बोलते. तिथे किती पानं दिली यापेक्षा काय दाखवलं ते बघा. हा सगळा डाव आधी दीडशे-दोनशे प्रकरणं मांडून ठेवला होता.

शिराटोरिझावा या उशिजिमाच्या शाळेतलं पहिल्या वर्षाच्या मुलांचं शिबिर आठवा. कागेयामाला जपानच्या युवा संघाच्या शिबिराचं बोलावणं येतं, संघातल्याच त्सुकिशिमाला या प्रांतिक शिबिराचं. हिनाताला कुठलंच नाही. तो न बोलावता जाऊन उभा राहतो. प्रशिक्षक वाशिजो त्याला तोंडावर सांगतात की कागेयामा सेटर नसेल तर तुझ्यात मला काहीच दिसत नाही. आणि त्याला बॉल गोळा करायला ठेवतात. @रिकामं_कोर्ट, धावफलक हा होता. एकाला देशाने बोलावलं, दुसऱ्याच्या हाती बॉलची ट्रॉली. तिथे कडेला उभं राहून हिनाता स्पायकरचे पाय, खांदे, बॉल कुठे पडणार, हे बघायला शिकतो. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत त्याचं रिसीव्ह सुधारलेलं दिसतं त्याचं मूळ या ट्रॉलीत आहे.

मग बीच व्हॉलीबॉलच का? कारण तिथे लपायला जागा नाही. आठ बाय आठ मीटरचा अर्धा कोर्ट आणि माणसं दोन. लिबेरो नाही, ठरलेला सेटर नाही. प्रत्येकाने उचलायचं, प्रत्येकाने सेट करायचं, प्रत्येकाने मारायचं. बोटांनी हलकेच टिप टाकणं नियमात बसत नाही. वाळू पाय ओढते, त्यामुळे ज्या उडीवर याचं सगळं आयुष्य उभं तीच निम्मी होते. वर वारा. टॉस टाकला की भलतीकडे. आतल्या कोर्टवर कागेयामाने जे जे त्याच्यासाठी झाकून घेतलं होतं ते सगळं इथे उघडं पडतं. वाशिजोंच्या त्या एका वाक्याला दोन वर्षांनी दिलेलं हे उत्तर आहे, आणि गंमत म्हणजे तिकडे जायची ओळख काढून देणारेही वाशिजोच. म्हाताऱ्याला मी तेव्हा फार शिव्या घातल्या होत्या, त्या मी मागे घेणार नाही, बोलला ते तिखटच होतं.

परतल्यावर हिनाता एमएसबीवाय ब्लॅक जॅकल्स या व्यावसायिक क्लबमध्ये मिडल ब्लॉकर नाही, ऑपोझिट (सेटरच्या उलट्या जागी खेळणारा हल्लेखोर) आहे. समोर श्वायडेन अ‍ॅडलर्स: कागेयामा, उशिजिमा, होशिउमी. सामना सेंदाईत. आणि आधी आपल्याला त्याचा स्पाइक नाही, रिसीव्ह दाखवलं जातं. मग तो दुसऱ्यांना सेट देतो, डाव्या हातानेही मारतो. ही यादी म्हणजे ब्राझीलचा हिशोब, पानांत मोजायची गरज काय?

बॅकरो

बाडिस (बाय डीफॉल्ट सहमत). फक्त एक भर. मधली हार विसरू नका. राष्ट्रीय स्पर्धेत कामोमेदाई शाळेविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत हिनाताला ताप चढतो आणि त्याला तिसऱ्या सेटमध्ये बाहेर काढतात. कारासुनो हरतो. कोर्टावर जास्त वेळ कोण टिकतो ही पैज होती ना? त्या दिवशी कागेयामा टिकला आणि हिनाता नाही. जखम नाही, पंचांचा निर्णय नाही, अंगाची नीट काळजी घेतली नाही म्हणून. शोनेन मालिकेत नायकाला असा कोरडा पराभव द्यायला छाती लागते. पुढे ब्राझीलमध्ये खाणं, झोप, सगळं शिस्तीत करणारा हिनाता दिसतो तो या तापातून आलेला.

लिबेरोभक्त

तो प्रसंग अन्यायच होता. खेळाच्या मालिकेत नायकाला ताप आणणं म्हणजे लेखकाने हात वर करणं. कामोमेदाईचा ब्लॉक एवढा भक्कम रंगवलात तर त्यांनाच हरवू द्यायचं होतं की.

रिकामं_कोर्ट

ताप मला पटला होता, तेवढं बॅकरोंना देतो. ट्रॉलीचा मुद्दाही चांगला आहे. पण सगळेजण हिनाताबद्दलच बोलताय! स्पर्धेला दोन माणसं लागतात. कागेयामाचे आजोबा इतक्या उशिरा का, याला कोणी हात लावला नाही.

तिसरा_टेम्पो

लावतो. आजोबा त्याला सांगून जातात की तू खूप बलवान झालास तर तुझ्यासमोर तुझ्याहून बलवान कोणीतरी नक्की येईल. ही गोष्ट दहाव्या प्रकरणात सांगितली असती तर तो सल्ला झाला असता आणि हिनाता म्हणजे तयार उत्तर. कथाच संपली. ३८० च्या पुढे, जाळीपलीकडे हिनाता उभा असताना सांगितल्यामुळे आजोबा गेल्यानंतरचा तो एकटा मुलगा आणि 'राजा' म्हणून बदनाम झालेला मुलगा एकच होता हे कळतं. तोपर्यंत आपणही त्याला त्याच्या संघासारखंच आडमुठा समजत आलो होतो. ही जागा मला नेमकी वाटते.

मात्र एक कबूल करायला हवं, मधल्या भागात कागेयामा बराच काळ एकाच चालीवर आहे. युवा शिबिरात दुसऱ्या शाळेचा सेटर आत्सुमू मिया त्याला शहाणं बाळ म्हणून टोचतो आणि परतल्यावर दाते टेक शाळेविरुद्धच्या सराव सामन्यात तो पुन्हा सहकाऱ्यांवर ओरडतो. सगळे गारठतात. हिनाता मात्र म्हणतो, राजा अस की नसो, मला पटलं नाही तर मी ऐकणार नाही. आणि त्याच्या डोक्यावर टॉवेलचा मुकुट चढवतो. कागेयामाच्या वाढीतला हा सर्वात महत्त्वाचा सामना, आणि तो साधा सराव सामना असल्यामुळे लोक पानं उलटून पुढे जातात.

सर्व्हिस_एस

सेंदाईतला तो सामना ब्लॅक जॅकल्स ३-१ ने जिंकतात. म्हणजे धाग्याच्या शीर्षकाला आकड्यांत उत्तर हवं असेल तर आहे. मग २०२१ ला दोघं पुन्हा एका जर्सीत आणि २०२२ च्या जागतिक क्लब सामन्यात पुन्हा समोरासमोर, एक साओ पावलोकडून, एक रोमकडून.

रिकामं_कोर्ट

आणि तो २०२२ चा सामना कोण जिंकलं ते छापलेलंच नाही! म्हणून तर म्हणतोय, गुंडाळलं.

बॅकरो

छापलं असतं तर तुम्ही 'तिसरा सामना कुठे' असा धागा काढला असता. आधी दाते टेकचा सराव सामना पुन्हा वाचून या, मग बोलू.