पावसाळ्यात पेटी आणू नका
ताई, वाशीच्या गच्चीवर याच महिन्यात सातेरीची, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीची, पेटी आणायची म्हणताय, पण जरा थांबा. आपल्याकडे भर पावसात फुलोरा फार कमी, माश्यांची उपासमार होते. घोडबंदरला माझी पहिली पेटी श्रावणात रिकामी झाली. पोळ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, आत पोळं खाणाऱ्या मेणकिड्याच्या अळ्या, आणि माश्या केव्हाच उडून गेलेल्या. फार वाईट वाटलं. सातेरीला त्रास झाला की ती घर सोडते.

दिवाळीनंतर सुरुवात करा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या चढतात. पुढच्या पावसाळ्यात संध्याकाळी साखर-पाणी समप्रमाणात द्या. पेटी आणण्याआधी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणाची चौकशी करा. राणी माशी कशी ओळखायची, हे पेटीतली पोळ्याची चौकट हातात धरूनच कळतं.