मदत हवी आहे: चार दिवसांच्या ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांवरच्या) सायकल स्टेज रेससाठी सीलंट (टायरच्या आत भरायचा, भोक बुजवणारा द्रव) किती आणि कधी भरावं?

रेस चार दिवसांची, रोज 90-100 किमी. सराव खुलताबाद-म्हैसमाळ बाजूच्या गाडीवाटांवर चालू आहे. टायर 40 मिमी ट्यूबलेस, वजन 72 किलो, हवा पुढे 30, मागे 33 पीएसआय.

अडचण वेड्या बाभळीच्या काट्यांची. काटा उपसला की सीलंट फसफसतं, भोक बुजतं. पण सकाळी मागचं चाक 15 पीएसआयवर आलेलं असतं. 60 मिली भरलं होतं. तीन आठवड्यांनी टायर उघडला तर आत रबराच्या गुठळ्या आणि जेमतेम चमचाभर पातळ सीलंट. मराठवाड्याच्या उन्हात ते फार लवकर आटतं. रिम टेप (रिमवरची हवाबंद पट्टी) नवीन लावली, व्हॉल्व्हचा कोर बदलला. साबणाच्या पाण्यात चाक फिरवलं, तर बुडबुडे फक्त काट्यांच्या जागी. सुईएवढ्या भोकात प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) शिरत नाही.

टायर बदलायचे नाहीत, इन्सर्टही (टायरच्या आत बसवायचा फोम) नको. मुक्कामी कॉम्प्रेसर नसेल, फक्त हातपंप. सुटी ट्यूब एकच.

आदल्या दिवशी 90 मिली एकदाच भरावं, की 60 भरून दुसऱ्या मुक्कामी व्हॉल्व्हमधून 30 वाढवावं? आणि रेसमध्ये काटा दिसला पण हवा जात नसेल, तर तो उपसावा की वरचं टोक मोडून तसाच ठेवावा?