आयल रॉयल बेटावर लांडगे नेऊन सोडणे योग्य होते का?

पाऊलखुणा (धागाकर्ती):
अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधील लेक सुपीरियर या विस्तीर्ण सरोवरात आयल रॉयल हे सुमारे ७२ किलोमीटर लांबीचे जंगलाने भरलेले बेट आहे. तेथील लांडगे आणि मूस यांचा अभ्यास पर्ड्यू विद्यापीठाच्या डरवर्ड ॲलन यांनी १९५८ मध्ये सुरू केला, आणि भक्ष्य-भक्षक संबंधांवरचा जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला अभ्यास म्हणून तो ओळखला जातो. मूस हे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बहुधा पोहत या बेटावर पोहोचले, तर लांडगे १९४०च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत आले. १९८० मध्ये पन्नास असलेले लांडगे २०१६ पर्यंत दोनच उरले. तेही बाप आणि मुलगी होते, आणि त्यांची आई एकच असल्यामुळे भावंडेही होते. हे बेट राष्ट्रीय उद्यान आहे; शेवटी उद्यान प्रशासनाने २०१८ मध्ये निर्णय घेतला आणि पुढील वर्षभरात बाहेरून १९ लांडगे आणून सोडले.

माझ्या मते हा निर्णय योग्य होता, आणि तो दहा वर्षे आधी व्हायला हवा होता. लांडग्यांची ये-जा ज्या बर्फावरून होत असे, तो १९६०च्या दशकात बहुतेक हिवाळ्यांत धरत असे. आता दशकातून एखाद्या वेळी धरतो. हे तापमान आपण वाढवले आहे. १९८० नंतर दोनच वर्षांत लांडग्यांची संख्या १४ वर आली, ती कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूमुळे, आणि तो विषाणूही माणसाबरोबर आलेल्या कुत्र्यामार्फतच बेटावर पोहोचला असे मानले जाते. वाट आपण बंद केली, रोगही आपणच नेला, आणि मग त्या दोन लांडग्यांकडे बोट दाखवून 'निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्या' असे म्हणणे मला पटत नाही.

मी मिशिगनमधील हॉटनहून बोटीने सहा तासांचा प्रवास करून बेटावर गेले होते. पश्चिम टोकाकडे बाल्सम फरची (एक सूचिपर्णी जात) झाडे माझ्या कमरेइतकीही नव्हती, आणि सोबतच्या जाणकारांनी सांगितले की त्यांतील काहींचे वय माझ्या वयाच्या आसपास आहे. मूस दर हिवाळ्यात त्यांचे शेंडे खातात. झाड मरत नाही, पण वाढतही नाही. माथ्यावर बिया धरणारी जुनी झाडे एकेक करून पडत आहेत आणि त्यांची जागा घ्यायला खाली कोणी नाही.

रानवाट:
आपल्या कळकळीबद्दल आदर आहे, तरीही मी असहमत आहे. या बेटाचा ९९ टक्के भाग १९७६ पासून कायद्याने अस्पर्शित अरण्य म्हणून राखलेला आहे. १९६४च्या मूळ कायद्याचा गाभाच असा आहे की अशा भूमीवर माणसाने आपला लगाम घालू नये. तो लगाम आपल्याला इष्ट वाटणाऱ्या हेतूसाठीही घालायचा नसतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या परिसरातून दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या गेल्या, तेव्हा मी त्याचे समर्थनच केले होते. तेथे भ्रमणमार्ग जमिनीवरचे आहेत, ते रस्त्यांनी आणि वस्त्यांनी तुटले आहेत, आणि पुन्हा जोडता येतील. बेटाचा स्वभाव निराळा आहे. बेटांवर जाती येतात आणि नाहीशा होतात. शंभर वर्षांपूर्वी याच आयल रॉयलवर कॅरिबू (उत्तरेकडचे हरीण) आणि लिंक्स (एक मोठे रानमांजर) होते, मूस नुकतेच आले होते, लांडगे नव्हतेच. मग यांतील कोणत्या सालचे बेट आपण 'मूळचे' मानायचे? १९५८ हे साल निसर्गाने निवडलेले नाही. त्या वर्षी अभ्यास सुरू झाला, एवढेच.

दगडफूल:
रानवाट यांच्या मुद्द्याला मी एक उदाहरण जोडते. याच सरोवरात कॅनडाच्या बाजूला मिशिपिकोटन नावाचे बेट आहे. तेथे १९८०च्या दशकात माणसाने कॅरिबू नेऊन सोडले आणि ते वाढून शेकडोंच्या घरात गेले. २०१४ च्या हिवाळ्यात लांडगे बर्फावरून आपणहून तेथे पोहोचले, आणि चार वर्षांत कॅरिबू जवळजवळ संपले. २०१८ मध्ये उरलेसुरले कॅरिबू हेलिकॉप्टरने उचलून दुसऱ्या बेटांवर नेले गेले. मागे राहिलेल्या लांडग्यांची उपासमार होऊ लागली, आणि २०१९ मध्ये त्यांतीलच काही आयल रॉयलवर आणले गेले. एका बेटावर आपण भक्ष्याला भक्षकापासून दूर नेले, दुसऱ्या बेटावर भक्षकाला भक्ष्यापाशी. दोन्ही निर्णयांमागे सद्हेतू होता, हे मला मान्य आहे. पण ही वाहतूक एकदा सुरू झाली की ती कोठे थांबवायची, हे कोण ठरवणार?

पाऊलखुणा:
'कोणत्या सालचे बेट' हा प्रश्न रास्त आहे, आणि माझे उत्तर सालात नाही. मोठे शाकाहारी जनावर आहे, त्याचे खाद्य असलेले जंगल आहे, आणि त्या जनावराला आवर घालणारे दुसरे काहीच नाही, अशी स्थिती किती काळ राहू द्यायची, एवढाच माझा प्रश्न आहे. ब्रायन मॅक्लारेन आणि रॉल्फ पीटरसन या संशोधकांनी १९९४ मध्ये फरच्या खोडातील वाढीची वर्तुळे मोजून दाखवले की लांडगे घटले, मूस वाढले, की त्या वर्षांची वर्तुळे अरुंद होतात. लांडग्यांचा मागमूस झाडाच्या लाकडात सापडतो, याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

नोंदवही:
मूसच्या बाजूने कोणी बोललेले दिसत नाही, म्हणून लिहितो. बेटावर स्वयंसेवक दर उन्हाळ्यात पाठीवर बोजा घेऊन मेलेल्या मूसची हाडे गोळा करतात. आजवर हजारो जनावरांची हाडे जमली आहेत. निरोगी खुब्याच्या सांध्याची गोळी हाताला गुळगुळीत लागते. संधिवाताने झिजलेली खरबरीत, काठाला हाडाची वाढ झालेली असते. लहानपणी ज्यांची उपासमार झाली त्यांची पायाची हाडे आखूड राहतात, आणि पुढे संधिवातही त्यांनाच अधिक होतो, असे या हाडांवरूनच दिसून आले. १९९६ मध्ये मूसची संख्या सुमारे २४०० होती. कडक हिवाळा, गोचिडी आणि अन्नटंचाई यांमुळे ती वर्षभरात ५०० च्या आसपास आली. लांडग्याच्या तोंडी जाणारा मूस बहुधा म्हातारा, आजारी किंवा वासरू असतो. त्या हिवाळ्यात मात्र ऐन वयातले मूसही रोडावून मेले. 'हस्तक्षेप नको' म्हणताना हेही मान्य करावे लागते.

रानवाट:
ते मी मान्य करतो, आणि हा मुद्दा सर्वांत कठीण आहे. पण वेदना कमी करणे हा निकष धरला, तर पकडलेल्या लांडग्यांचेही पाहावे लागेल. २०१८ मध्ये मिनेसोटातील ग्रँड पोर्टेजहून आणलेल्या चार लांडग्यांपैकी एक काही आठवड्यांतच मेला, आणि एक मादी जानेवारीअखेर बर्फ धरताच चालत मिनेसोटाच्या बाजूला परत गेली. दुसरे असे की १९९७ मध्ये एक नर बर्फावरून आपणहून आला होता. काही वर्षांत निम्म्याहून अधिक वंश त्याचाच झाला, पुढे तो स्वतःच्या मुलीशीच जुळला, आणि अंतःप्रजननाचे (जवळच्या नात्यातच पिले होण्याचे) संकट पुन्हा उभे राहिले. म्हणजे बाहेरून आणलेल्या १९ लांडग्यांचा लाभही दोन-तीन दशकांचाच. त्यानंतर पुन्हा पिंजरे, पुन्हा हेलिकॉप्टर?

पाऊलखुणा:
होय, पुन्हा. दर काही वर्षांनी एखादा नवा लांडगा बेटावर यावा, हे काम पूर्वी बर्फ करत असे. २०२४ चा हिवाळा इतका उबदार होता की सरोवराच्या बर्फावर स्की लावलेले विमान उतरवणे धोक्याचे ठरले आणि हिवाळी गणना अर्ध्यावर सोडून परतावे लागले. जेथे विमान उतरत नाही तेथे लांडगा चालत येणार नाही. त्या गणनेत लांडगे ३० आणि मूस सुमारे ८४० निघाले; २०१९ मध्ये मूस दोन हजारांहून अधिक होते. पश्चिम टोकाचे फर आता तरी माझ्या खांद्याला लागतात का, हे पाहायला मी पुन्हा जाणार आहे.

रानवाट:
जरूर जा, आणि फरची उंची मोजून येथे लिहा. माझा विरोध कायम आहे, मात्र एक मागणी आपण दोघे मिळून करू शकतो: पुढचा लांडगा कोणत्या परिस्थितीत आणायचा आणि कोणत्या परिस्थितीत आणायचा नाही, हे प्रशासनाने आताच, पुरेसे लांडगे हयात असताना, लिहून जाहीर करावे. दोन उरल्यावर तो विचार सुरू झाला की काय होते, ते आपण पाहिले आहे.