खडकवासल्याचं पाणी: आधी पुण्याचा नळ की इंदापूरची चारी?

टेलचा_माणूस
पुण्यात नोकरी, शेती इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या पार शेपटाला, म्हणजे टेलला. त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या खायची सवय आहे.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही पुण्याजवळची धरणं मिळून साठा साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट). पुणे महापालिकेचा कोटा वर्षानुवर्षं 11.5 टीएमसी होता, उचल मात्र 16 च्या पुढे. हा फरक आमच्या आवर्तनातून, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडायच्या पाळीतून वजा होतो. पाणीवाटप ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की उन्हाळी आवर्तन एक की दोन, एवढाच प्रश्न उरतो. आम्ही नमुना 7 चा मागणी अर्ज भरून पाणी मागायचं, पेरायचं आणि 200 किलोमीटरवरून पाणी येईल म्हणून वाट बघायची. पाळी आली तरी रात्री चारीच्या (कालव्यातून शेताकडे येणाऱ्या पाटाच्या) तोंडाशी बॅटरी घेऊन बसावं लागतं, नाहीतर वरचा शेतकरी दार उचलून मोकळा होतो.

शहराने पाणी पिऊ नये असं म्हणत नाही. मोजून घ्या, एवढंच.

कोथरूडकर
तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे. वरचा शेतकरी दार उचलतो, कालव्याकाठी मोटारी आणि सायफन रात्रभर चालू, आणि खापर पुणेकरांच्या नळावर! राज्याच्या जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं, शेती नंतर. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पालिकेत आली. तिथली माणसं आजही टँकरवर आहेत. त्यांना कोटा संपला म्हणून सांगायचं का? आणि टेलला पाणी पोचत नाही म्हणता, मग इंदापूरला ऊस कशावर उभा राहतो?

टेलचा_माणूस
उसाचा टोमणा मान्य. पण माझ्या दीड एकरात कांदा आणि गहू आहे, आणि शेजारच्याचा ऊस विहिरीवर. कालवा आला नाही तर विहिरीलाही पाझर नाही.

आता हिशेब. 11.5 टीएमसी म्हणजे रोजचे सुमारे 89 कोटी लिटर. लोकसंख्या 50 लाख धरा, माणशी 178 लिटर पडतात. शहरांसाठीचा निकष 135 चा. म्हणजे जुन्या कोट्यातही भागायला हवं. 16 टीएमसीला माणशी अडीचशेच्या घरात जातं. एवढं पाणी टँकरवाल्या गावात तर दिसत नाही. मग मुरतंय कुठे?

सोसायटी_सचिव
मुरतंय कुठे, ते मी सांगतो. आमच्या गच्चीवरची टाकी पहाटे भरते, व्हॉल्व्ह बिघडलेला, पाणी पाइपातून थेट रस्त्यावर. दोन मीटिंगा झाल्या. प्लंबरचा खर्च कोणी द्यायचा, यावर दोन्ही मोडल्या. पाणीपट्टी घरपट्टीबरोबर एकदाच जाते, मग कोण कशाला धावपळ करेल? पालिकेच्या चोवीस तास पाणी योजनेत मीटर बसवायला माणसं आली, तेव्हा आमच्याच लोकांनी गेटवर अडवली. त्यात जुन्या लाइनींची गळती वेगळी. कोथरूडकर, टँकरवाल्या गावांचं नाव पुढे करून आपली गळती झाकू नका.

भीमाकाठ
सोलापूरहून लिहितोय. इंदापूरकरांचं दुःख वाचून गंमत वाटली. 2021 मध्ये पुण्याचं सांडपाणी उजनीत येतं हे निमित्त करून आमच्या उजनी धरणातून 5 टीएमसी इंदापूरला उचलायचं ठरलं होतं ना? तेव्हा तुमच्यासाठी आम्ही टेलचे झालो होतो. इकडे रान पेटलं म्हणून तो आदेश रद्द झाला. वरचा असताना प्रत्येकाला आपली तहान मोठी वाटते.

टेलचा_माणूस
भीमाकाठ, घाव बरोबर लागला. त्या योजनेच्या बाजूने मीही तेव्हा बोललो होतो आणि आजही बोलेन, कारण खडकवासल्याचं हक्काचं पाणी मिळालं असतं तर उजनीकडे हात पसरावाच लागला नसता.

मावळा_मुळशीचा
तुम्ही 5 टीएमसीवर भांडा. आमच्याकडे टाटांचं धरण बांधलं, सेनापती बापटांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला, आणि ते पाणी अजूनही वीज करून कोकणात उतरतं. खोरं भीमेचंच आहे.

कोथरूडकर
मुळशीचं पाणी वळवा, मलाही चालेल, पण ते उद्या होणार नाही. दरम्यान मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शुद्ध केलेलं सांडपाणी जुन्या कालव्यात सोडतोच की. करारात वर्षाला 6.5 टीएमसी. ते शेतकऱ्यांना नको असतं!

टेलचा_माणूस
ते हवेली-दौंडच्या पट्ट्यात जातं, इंदापूरला नाही. आणि तिकडच्या पाहुण्यांकडे त्याच पाण्याला फेस आलेला मी पाहिलाय. नीट शुद्ध करून द्या, मग नको कोण म्हणेल?

खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत उघड्या कालव्याऐवजी बोगदा होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या प्रत्येक चारीच्या तोंडावर मोजणी बसवा, चोऱ्या उघड करा, मी स्वतः सही देतो. पण त्याच आठवड्यात तुमच्या सोसायट्यांत मीटरप्रमाणे बिल लावा.

कोथरूडकर
बिलाला माझी ना नाही. आधी चारीवरची मोजणी दाखवा.

सोसायटी_सचिव
झालं. आता दोघं मिळून अजून दहा वर्षं काढणार. आमची टाकी अजून वाहतेय, कुणाच्या ओळखीचा प्लंबर असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.