लॉनमोवरचा डेक गंजलाय, बेअरिंग अडकलंय – मदत हवी आहे

मंडळी, सोसायटीच्या लॉनमोवरचा डेक (पात्यावरचं पत्र्याचं आवरण) तारेच्या ब्रशने घासला, तर स्पिंडलजवळ (पातं फिरवणाऱ्या दांड्याजवळ) दोन बोटं जातील एवढं भोक पडलं. बाकीचा पत्रा ठीक आहे, साधारण 2 मिमी. आर्क वेल्डिंग करून पाहिलं, भोक आणखी मोठं झालं (हात माझाच, बोलणार कुणाला!). स्पिंडलचं बेअरिंग 6203 नंबरचं, दोन्हीकडे रबर सील. नवी जोडी आणलीय. वरचं पुलरने निघालं, खालचं डब्ल्यूडी-40 मारून रात्रभर ठेवलं तरी ढिम्म. हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसतं ते घर) अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणून ठोकायची भीती वाटते. मॉडेल बंद झालंय, नवा डेक मिळत नाही.

हाउसिंग गरम करून बेअरिंग काढू का? केलं तर किती? आणि बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीच्या बाजूला, एवढ्याशा कामासाठी पातळ पत्र्याचं मिग वेल्डिंग (यंत्रातून आपोआप तार येणारं) कोण करून देईल?